कॉम्प्युटरसमोर बसायची जागा नीट कशी लावायची: खुर्ची विकत घ्यायच्या आधी हे वाचा

आधी माझी चूक सांगते. मान आणि उजवा खांदा इतका भरून यायला लागला की संध्याकाळी कुणी मागून हाक मारली तर मान वळायचीच नाही, अख्खं अंग वळवून बघावं लागायचं. मग मी सगळे करतात तेच केलं, महागातली खुर्ची घेतली. पंधरा दिवस बरं वाटलं, नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं, आणि मग परत जैसे थे. कारण खुर्ची बदलली पण लॅपटॉप तसाच टेबलावर पसरलेला, मान तशीच खाली घातलेली, आणि टेबल माझ्यासाठी चांगलं दहा सेंटीमीटर उंच. त्या बिचाऱ्या खुर्चीने काय करायचं?

तर मुद्दा असा की सुरुवात खुर्चीपासून नाही करायची, स्वतःच्या कोपरापासून करायची. कोपराची उंची कळली की टेबल, कीबोर्ड, खुर्ची, पाय सगळं ओळीने ठरत जातं, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. मी बरोबर उलट्या क्रमाने गेले आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट नीट केली की दुसरी बिघडायची, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी हे जवळ घेऊन बसा

- मोजायची टेप (शिंप्याकडे असते तसली मऊ असली तरी चालेल)
- फोन, आणि तुमचा फोटो काढायला घरातलं किंवा ऑफिसमधलं कुणीतरी
- पाच-सहा जाडजूड पुस्तकं, जी सध्या कुणी वाचत नाहीये
- एक जुना टॉवेल
- पायाखाली घ्यायला दणकट खोका किंवा लाकडी ठोकळा
- चिकटपट्टी
- लॅपटॉपवर काम करत असाल तर वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माऊस. बाकी सगळं घरातल्या वस्तूंवर भागतं, यातून मात्र सुटका नाही, का ते पुढे येईलच.

१. फोटो काढा, मग मोजा

ज्याला फोटो काढायला सांगणार आहात त्याला सांगा की मी कामात बुडालेली असेन तेव्हा, मला न सांगता, एक बाजूने आणि एक मागून काढ. सांगून काढला तर आपण आपोआप ताठ होतो आणि त्या फोटोला काही अर्थ राहत नाही. माझा फोटो बघून मला आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं. मान कासवासारखी बाहेर काढलेली, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर, एक पाय दुमडून बुडाखाली आणि दुसरा खुर्चीच्या चाकावर. म्हणजे पाठ टेकायची इतकी महाग सोय मागे रिकामी आणि मी पुढे काठावर.

आता मोजमाप. अशा खुर्चीवर बसा जिथे दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात, कुठलीही साधी खुर्ची चालेल. खांदे एकदा कानापर्यंत उचला आणि धप्पकन सोडून द्या. दंड अंगालगत सरळ खाली लोंबू द्या आणि कोपरात हात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत किती होतं ते दुसऱ्याला मोजायला सांगा. मग टेबलाची उंची मोजा.

माझी उंची ५ फूट २ इंच, कोपर आलं ६३ सेंटीमीटरवर. टेबल होतं ७४. बाजारात मिळणारी बहुतेक टेबलं ७२ ते ७५ सेंटीमीटरच्या आसपास असतात, म्हणजे उंच माणसाला ठीक आहेत, आणि आपल्यासारख्या बुटक्यांनी त्यावर टाईप करायचं तर खांदे उचलूनच धरावे लागतात, दिवसभर, आपल्याला पत्ताही लागत नाही. माझ्या खांद्याचं कोडं या एका आकड्याने सुटलं.

त्यात कीबोर्डची जाडी धरायची विसरू नका, ती वरून दोन-तीन सेंटीमीटर खाते. बोटं टेबलावर नाही, कीबोर्डवर पडतात.

२. खुर्ची टेबलाच्या हिशोबाने वर घ्या

टेबल कमी-जास्त होत असेल तर प्रश्नच मिटला, ते कोपराखाली आणा. बहुतेकांचं होत नाही. मग खुर्ची वर घ्यायची, कोपर कीबोर्डच्या लेव्हलला किंवा केसभर वर येईपर्यंत. पाय लोंबकळायला लागतील. लागू द्या, त्याचं पुढे बघू.

मग बुड अगदी मागे सरकवा. गुडघ्यामागची खोबण आणि बैठकीचा पुढचा काठ यांच्यात दोन-तीन बोटं आडवी गेली पाहिजेत. जात नसतील तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, काठ पायात रुततो आणि तुम्ही नकळत पुढे सरकून बसता आणि मग पाठ टेकतच नाही. काही खुर्च्यांना बैठक मागेपुढे करायचा दांडा असतो, नसेल तर पाठीमागे उशी घ्या.

कंबरेचा आधार हा प्रकार लोक फार वर लावतात. तो बरगड्यांमागे नाही, पट्टा बांधतो तिथे किंवा त्याच्या जरासा वर, कंबरेला आत बाक असतो त्या पोकळीत बसला पाहिजे. खुर्चीला नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि तिथे आडवी ठेवा. मी सहा महिने टॉवेलवरच काढले आणि खरं सांगायचं तर खुर्चीसोबत आलेल्या त्या फॅन्सी उशीपेक्षा टॉवेल बरा होता, कारण गुंडाळी जाड-बारीक करता येते.

आणि ते काटकोनात ताठ बसायचं खूळ डोक्यातून काढा. शाळेत पाठीत धपाटा घालून शिकवलंय म्हणून आपल्याला तेच बरोबर वाटतं. पाठ थोडी मागे रेललेली, मांडी आणि पाठ यांच्यात १०० ते ११० अंशाचा कोन, म्हणजे खुर्ची पाठीचं ओझं घेते आणि मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब कमी होतो. खुर्चीला मागे झुलायचं लॉक असेल तर ते उघडं ठेवा आणि खालचा स्प्रिंगचा गोळा फिरवून ताण असा लावा की तुम्ही रेललात तर ती हळू मागे जाईल, धाडकन नाही.

आर्मरेस्टबद्दल, म्हणजे खुर्चीच्या हात टेकायच्या दांड्यांबद्दल, एकच. ते टेबलाच्या काठाला आपटत असतील तर तुम्ही टेबलाच्या जवळ जाऊच शकत नाही, मग हात लांब करून टाईप करता, मग पाठ सुटते. असं होत असेल तर ते खाली करा, नाहीच झाले तर स्क्रू खोलून काढून ठेवा. मी काढलेत. खुर्ची जरा उघडीबोडकी दिसते पण आपल्याला काय करायचंय.

३. पाय

आता ते लोंबकळणारे पाय. तळपाय पूर्ण टेकतील इतका उंच खोका खाली घ्या. साधारण खुर्ची तुम्ही जितकी वर घेतली तितकाच तो लागतो. तो रुंद असू द्या, दोन्ही पाय ठेवून वर इकडेतिकडे हलवता आले पाहिजेत, अरुंद ठोकळ्यावर पाय जखडल्यासारखे होतात. टेबलाखाली सीपीयू, वायरी, पिशव्या कोंबल्या असतील तर त्या आधी बाहेर काढा.

सहा महिन्यांनी मी सरळ सुताराला बोलावून टेबलाचे पाय दहा सेंटीमीटर कापून घेतले आणि खोका गेला. लाकडी टेबल असेल तर हा उपाय कुठल्याही खरेदीपेक्षा भारी आहे, पण कापायच्या आधी आठवडाभर खोक्यावर काढा, आकडा पक्का होऊ दे, कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. आणि टेबलाखाली ड्रॉवर असेल तर मांड्या अडकतील का तेही आधी बघा.

४. कीबोर्ड आणि माऊस

इथे जास्त वेळ घालवा, कारण हात दिवसभर इथेच असतात.

कीबोर्ड समोर ठेवताना आपण त्याचा मध्य आपल्या मध्यावर आणतो, आणि तिथेच गंडतो. मोठ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा गठ्ठा असतो, तो धरून मध्य काढला की अक्षरं डावीकडे जातात आणि आपण दिवसभर किंचित वळून बसतो. जी आणि एच ही अक्षरं तुमच्या नाकासमोर आली पाहिजेत. आकडे फारसे लागत नसतील तर तो गठ्ठा नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, त्याचा खरा फायदा माऊसला होतो, माऊस चार-पाच बोटं आत येतो. माझा उजवा खांदा दुखायचं दुसरं कारण हेच निघालं, माऊस इतका लांब होता की हात सतत बाहेर पसरलेला.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उघडलेले असतील तर आत्ताच्या आत्ता मिटवा. ते का देतात देव जाणे. मागची बाजू उचलली की मनगट वर मुडपतं आणि तसंच तासन् तास राहतं. मनगट पुढच्या हाताच्या सरळ रेषेत हवं, वर नाही, खाली नाही, बाजूलाही नाही.

मनगटाखालची ती मऊ गादी असते ना, ती टाईप करताना टेकायला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये थांबलात की टेका, आणि तेव्हाही मनगट नाही, तळव्याचा खालचा जाड भाग. टाईप करताना हात तरंगते हवेत. गादीवर मनगट रोवून बोटं वळवली की नेमका तिथूनच जाणाऱ्या नसेवर दाब येतो.

माऊस कीबोर्डच्या उंचीलाच आणि त्याला चिकटून. हलवायचा तो कोपरातून, मनगट रोवून फडफडवायचा नाही. आणि माऊस हाताच्या मापाचा घ्या, लॅपटॉपच्या बॅगेत जातो म्हणून घेतलेला चिमुकला माऊस दिवसभर चिमटीत धरावा लागतो, अंगठा आखडतो.

आता करंगळीची गोष्ट. एका दुपारी टाईप करताना लक्षात आलं की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधीर. झटकलं, गेलं, तासाने परत. मी घाबरले, नेटवर वाचून आणखी घाबरले, आणि दोन दिवसांनी योगायोगाने कोपराकडे लक्ष गेलं तर तिथे टेबलाच्या काठाची लाल रेघ उमटलेली. विचार करताना मी डावं कोपर काठावर टेकवून हनुवटी हातावर ठेवायचे, रोज, कितीतरी वेळ. कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते, कुठे आपटली की झिणझिण्या येतात तीच, ती त्या दोन बोटांना जाते. काठावर टॉवेल गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि हनुवटीची सवय सोडली, आठवड्यात बोटं ताळ्यावर आली. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर ती नस वेगळी, ती मनगटातून जाते, मग मनगट कुठे मुडपतंय किंवा दाबलं जातंय ते शोधा.

५. स्क्रीन

सगळं खालचं जमलं की मगच स्क्रीनला हात लावा, कारण खुर्ची वर-खाली झाली की डोळेही होतात.

अंतर: पाठ टेकून बसा आणि हात सरळ पुढे करा. बोटांची टोकं स्क्रीनला जेमतेम लागली पाहिजेत. साधारण ५० ते ७० सेंटीमीटर. स्क्रीन मोठी असेल तर आणखी मागे. तिथून वाचता येत नसेल तर स्क्रीन जवळ ओढू नका, अक्षरं मोठी करा.

उंची: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, नजर स्वाभाविकपणे थोडी खालीच पडते. याच्या नादात लोक स्क्रीन फार वर नेतात, तेही वाईट. मान मागे झुकते आणि वर बघताना पापण्या जास्त उघडतात, डोळे लवकर कोरडे पडतात. स्क्रीनचा माथा किंचित मागे कलवा, हातात पुस्तक धरतो तितपत.

चष्म्यात लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असेल, म्हणजे बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह, तर वरचा नियम तुम्हाला लागू नाही. तुम्ही काचेच्या खालच्या भागातून वाचता, म्हणून हनुवटी वर करून बघता, म्हणून मान आखडते. स्क्रीन आणखी खाली आणा आणि जास्त कलवा. फारच त्रास असेल तर फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो, डोळे तपासताना तुमचं स्क्रीनचं अंतर मोजून घेऊन जा.

लॅपटॉप: इथे सगळ्यात मोठा घोळ आहे. कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे हाताला बरोबर ठेवला की मान खाली, मानेला बरोबर ठेवला की हात वर. दोन्ही एकदम जमतच नाही, कितीही भारी स्टँड घ्या. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं आणि ते पुढे झुकलं की मागचे स्नायू त्याला दिवसभर लगाम घातल्यासारखं ओढून धरतात. म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर आणि वेगळा कीबोर्ड-माऊस खाली. नुसता स्टँड घेऊन लॅपटॉपच्याच कीबोर्डवर वर हात करून टाईप करणारे लोक मी पाहिलेत, त्यापेक्षा स्टँड नसलेला परवडला. चळतीवर ठेवताना खालची हवेची जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा.

दोन स्क्रीन असतील आणि ऐंशी टक्के काम एकीवर असेल तर ती नाकासमोर, दुसरी बाजूला तिरकी. दोन्ही सारख्या वापरत असाल तरच मधली फट नाकासमोर ठेवा.

मॉनिटरचा आर्म, म्हणजे स्क्रीन टेबलावरून उचलून धरणारा हात, घ्यायचा विचार असेल तर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूची भोकं आहेत का आधी बघा, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर असतात, त्याला वेसा म्हणतात. काही मॉनिटरना ती नसतातच. वजन किती पेलतो तेही बघा, आणि टेबल काचेचं असेल तर काठाला आवळून बसवायचा क्लॅम्प लावू नका.

६. उजेड आणि डोळे

खिडकी बाजूला हवी. समोर असेल तर डोळ्यांवर उजेड येतो, मागे असेल तर स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब. स्क्रीन बंद करून काळ्या काचेत बघा, जे काही चमकताना दिसेल ते दिवसभर तुमच्या अक्षरांवर बसलेलं असतं. ब्राईटनेस लावायची सोपी युक्ती: पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवर पांढरं पान उघडा. स्क्रीन दिव्यासारखी वाटत असेल तर कमी करा, मळकट वाटत असेल तर वाढवा. अंधारात फक्त स्क्रीन लावून बसायची सवय असेल तर एक दिवा लावा प्लीज.

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. २०-२०-२० म्हणून एक जुना नियम आहे, दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं. मी आकडे पाळत नाही, फाईल सेव्ह केली किंवा काही लोड होत असलं की खिडकीबाहेर बघते आणि मुद्दाम दहा वेळा पापण्या मिटते. पंखा किंवा एसी थेट तोंडावर येत असेल तर दिशा बदला.

७. सेटिंग, फुकटातली

डिस्प्ले स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायचं सेटिंग, १२५ किंवा १५० टक्के करा. माऊसचा वेग वाढवा, म्हणजे हात कमी हलतो. रोज माऊसने करता अशा पाच गोष्टींचे कीबोर्ड शॉर्टकट पाठ करा. फोनवर बोलता बोलता टाईप करत असाल तर फोन कान आणि खांद्यात दाबू नका, हेडफोन लावा.

८. उठा

सगळं परफेक्ट लावून चार तास ढिम्म बसलात तर तरीही दुखणार. अर्ध्या तासाने दोन मिनिटं तरी उभं राहा. अलार्म लावला तर आपण तो बंद करून परत बसतो, माझा अनुभव, म्हणून मी पाण्याची बाटली मुद्दाम लहान घेतलीय आणि फोनवर बोलायचं ते चालत.

उभं राहून काम करायचं टेबल घेणार असाल तर नियम तोच, कीबोर्ड कोपराच्या लेव्हलला. पण दिवसभर उभं राहायचं नाही, पाय आणि कंबर बोलायला लागतात. अर्धा-पाऊण तास बसा, थोडं उभं राहा, परत बसा.

खरेदीत फसायच्या जागा

'एर्गोनॉमिक', म्हणजे शरीराला सोयीचं, हा शब्द कुणीही कशावरही छापू शकतं. 'बिफ्मा' असं लिहिलेलं असेल तर ती खुर्ची मजबुती आणि सुरक्षिततेच्या चाचणीत उतरलीय, चांगलंच आहे, पण ती तुमच्या पाठीला बसेल असं ते सांगत नाही. रेसिंग कारसारख्या गेमिंग खुर्च्यांना मांड्यांच्या बाजूला उंच कडा असतात, रुंद बांध्याच्या माणसाला त्या टोचतात. शक्य असेल तर दुकानात पंधरा-वीस मिनिटं बसून बघा, विक्रेता ताटकळला तरी. बैठकीची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची विचारा आणि घरी तुम्हाला जमलेल्या बैठकीच्या उंचीशी ताडून बघा. फरशी गुळगुळीत असेल तर मऊ रबरी चाकं घ्या, कडक प्लॅस्टिकची घसरतात आणि ओरखडे पाडतात.

डॉक्टरकडे कधी

जागा नीट करून दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, रात्री हात बधीर होऊन झोपमोड होते, हातातून वस्तू सुटतात, किंवा मानेतून हातात अथवा कंबरेतून पायात कळ उतरते, असं काही असेल तर उशा बदलत बसू नका, दाखवून घ्या.

शेवटचं, खुर्ची घरात दोघं वापरत असाल तर. आमच्याकडे रोज भांडण व्हायचं, मी बसले की खुर्ची खाली गेलेली. आता खुर्चीच्या दांड्याशेजारी चिकटपट्टीचा तुकडा उभा लावलाय, त्यावर दोन रेघा, निळी माझी आणि लाल घरातल्या दुसऱ्याची. एखाद्या दिवशी रेघेवर लावूनही संध्याकाळपर्यंत खुर्ची आपोआप खाली आलेली दिसली तर समजा आतला गॅसचा सिलेंडर गेला, तो वेगळा बदलून मिळतो, अख्खी खुर्ची टाकू नका.